माल्तेंचं काळीज

माल्ते घराण्यातल्या पुरुषांना दोन गोष्टींचा भारी अभिमान. एक, ते कुणापुढे मान तुकवत नाहीत; आणि दुसरी, ते पन्नाशी बघत नाहीत. आता दुसऱ्या गोष्टीचा मेला कसला अभिमान बाळगायचा, असं तुम्हाआम्हाला वाटेल. पण सागने नदीकाठच्या त्या गावात कारीनचे आजोबा फावड्यानं बर्फ उपसता उपसता कोसळले, रोझेरकाका पोरीच्या लग्नात नाचता नाचता गेला, आणि दोन्ही वेळा मयताला आलेल्यांनी ग्लास उंचावून म्हटलं, माल्तेंचं काळीज मोठं, म्हणून लवकर थांबतं. लहानपणी हे ऐकून कारीनचा ऊर भरून यायचा. आता तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

कारण काळीज मोठंबिठं काही नव्हतं. रक्तातली वाईट चरबी, ती एलडीएल, या घराण्यात जन्मापासूनच तिपटीनं असायची. त्या खोऱ्यात अशी घरं पुष्कळ. पिढ्यान्‌पिढ्या तीच मूठभर कुळं एकमेकांत सोयरिकी करत आली, आणि आहेरात हेही देत आली. कारीनला ते होतं, तिच्या नऊ वर्षांच्या लेकीला, एलोईजला होतं. दोघी गोळी घ्यायच्या आणि आपल्या उद्योगाला लागायच्या. तिचे वडील गाएतां हृदयविकाराच्या झटक्यातून वाचले होते ते हृदयाच्या शिरेत नळी बसवून आणि गोळ्यांच्या जोरावर. पन्नाशी ओलांडलेले ते घराण्यातले पहिलेच पुरुष.

आणि या माणसानं उन्हाळ्यात गोळ्या सोडल्या!

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, गोळी चालू ठेवा आणि खाण्यालाही आवर घाला. गाएतांनी दुसरं तेवढं ऐकलं. गडी जिद्दीचा. सकाळच्या पावावरचं क्रेतों, म्हणजे डुकराच्या चरबीतलं ते मांसाचं लोणीच म्हणा, बंद. दातांखाली कुईकुई वाजणारं ताजं चीज बंद. ओट्सची पेज, वाल, सफरचंदं, नदीतली मासळी. पोट आत गेलं, पँट ढिली झाली. मग रक्त तपासलं तर आकडा पूर्वीच्या दुप्पट! झालं. एवढं पथ्य करूनही चढतो म्हणजे नशीबच तसलं, असं म्हणून त्यांनी दुसऱ्या दिवशी क्रेतोंचं भांडं पुन्हा टेबलावर आणलं, आणि गोळ्यांचं नाव काढलं की उठून बाहेर जायला लागले. कारीननं चार महिने सांगून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी.

नव्या वर्षाच्या दिवशी सगळे बापाच्या घरी जमले. ओव्हनमधून तुर्तिएरचा वास येत होता. मांस आणि बटाटे भरून रात्रभर भाजलेली ती जाडजूड पोळी म्हणजे त्या घराचा सणच. पण तिला सुरी लागण्याआधी बापाचा आशीर्वाद व्हायला हवा. थोरल्या लेकरानं पुढे येऊन गुडघे टेकायचे, आशीर्वाद मागायचा, मागे सगळ्यांनी गुडघे टेकायचे, आणि बापानं हात उचलून येणारं वर्ष सगळ्यांच्या पदरात घालायचं. गाएतां खिडकीपाशी ताठ उभे राहिले. मागे उगेतआत्या, भाऊ स्टीव्ह, एलोईज, सगळे खाली बसले.

कारीन उभीच राहिली.

आत्याला वाटलं, पोरीचं लक्ष नाही. तिनं खालून स्कर्ट ओढला. कारीन हलली नाही. स्टीव्ह उठायला लागला, म्हणाला मी मागतो, जेवण थंड होतंय. गाएतांनी त्याला नजरेनंच बसवलं. थोरली मागेल, नाहीतर कुणीच नाही.

"मी मागणार नाही," कारीन म्हणाली.

त्या घरात असं कधी कुणी बोललं नव्हतं. आत्या पुटपुटली की सणासुदीला हात दाखवून अवलक्षण, माल्तेंचं काळीज असंच असतं, त्याला कोण काय करणार. कारीन तिच्याकडे वळलीसुद्धा नाही.

"बाबा, तुम्ही गेल्यावर हा हात मला उचलावा लागेल, थोरली म्हणून. पुढच्या वर्षी मला तो उचलायचा नाहीये. ज्या वर्षात तुम्ही स्वतः राहायचं ठरवलं नाहीत, ते आम्हाला कसलं देताय?"

गाएतांच्या मानेची शीर फुगली. "दोन महिने ओट्स खाल्ले मी. आकडा चढलाच ना? रक्तात लिहिलेलं पुसता येत नाही, पोरी."

"पथ्यानं चढला नाही. गोळी सोडलीत म्हणून चढला." तिनं खिडकीबाहेरच्या बर्फाकडे बोट दाखवलं. "गावात बर्फ हटवायच्या गाड्या अर्ध्याच निघाल्या तर काय होतं? आपल्या यकृताचं तसंच आहे. चरबी उचलणारे हात जन्मतःच अर्धे. तुम्ही कमी खाल्लंत, थोडा बर्फ कमी पडला. चांगलंच केलंत, ते सोडूही नका. पण गाड्या वाढवते ती गोळी. तिला घरी बसवलंत तर रस्ता तुंबणारच."

"मी गोळीपुढे मान तुकवायची?"

हाच शब्द ती ऐकायला टपली होती जणू. बाप कामाला होता त्या अॅल्युमिनियमच्या कारखान्यातला लांबलेला संप तिच्या डोळ्यांपुढे आला. कारखान्याच्या फाटकाबाहेर, गोठवणाऱ्या थंडीत, पिंपातल्या जाळापाशी उभा असलेला तिचा बाप. मालक म्हणतो तेच आपलं नशीब, असं म्हणणाऱ्यांना त्यानं कसं फैलावर घेतलं होतं, ते साऱ्या खोऱ्याला ठाऊक होतं.

"मान तर तुम्ही तुकवलीच आहे, बाबा," ती म्हणाली. "आजोबांनी तुकवली, रोझेरकाकानं तुकवली. चमचाभर चरबीपुढे. आणि वर त्याला काळीज म्हणतो आपण. मला लाज वाटते त्याची. एलोईज नाही तुकवणार."

गाएतां खिडकीकडे वळून बर्फाकडे बघत राहिले. कारीनला वाटलं, गेले आता बाहेर, बापही गेला आणि सणही गेला. सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही. तिला रडू कोसळणार होतं, पण ती तशीच उभी राहिली.

"आणि गोळीनंही आकडा नाही उतरला तर?" त्यांनी पाठमोरंच विचारलं.

"दुसरी गोळी. तीही कमी पडली तर इंजेक्शन. तो उतरेपर्यंत. संपात तुम्ही तो संपायची तारीख विचारली होती का?"

गाएतां वळले. हात पुढे केला, तळवा वर करून. त्यांच्या नावाची गोळ्यांची डबी ती सकाळीच औषधाच्या दुकानातून घेऊन आली होती, डॉक्टरीणबाईंना विचारून. तिनं ती पर्समधून काढली. गाएतांनी पाणीसुद्धा मागितलं नाही. गोळी तोंडात टाकली, रागारागानं गिळली, आणि तोंड उघडून सगळ्यांना दाखवलं. एलोईज फिसकन हसली.

तेव्हा कुठे कारीननं गुडघे टेकले आणि आशीर्वाद मागितला. गाएतांनी हात उचलला. वाडवडलांपासून चालत आलेले शब्द त्यांनी शेवटपर्यंत म्हटले. हात मात्र खाली घेतला नाही.

"आणि पुढच्या वर्षीही हा हात मीच उचलणार आहे," ते म्हणाले. "ज्याला काळजाबद्दल काही म्हणायचं असेल त्यानं तेव्हा यावं."

मग त्यांनी सुरी घेतली आणि स्वतःच्या ताटात तुर्तिएरचा सगळ्यात लहान तुकडा वाढला.