फिरवायची राहिलेली खुर्ची

चालू टेकमध्येच ती थेट दिव्यांच्या उजेडात घुसली आणि टेबलासमोरच्या रिकाम्या खुर्चीची पाठ धरून उभी राहिली.

"कट! कट! ह्यांना आत कुणी सोडलं?" दिग्दर्शक ओरडला.

"मला कोण अडवणार? ज्याच्या नावावर तुमचं दुकान चाललंय ना, त्याची मुलगी आहे मी."

टेबलापलीकडे तिचे बाबा बसले होते. म्हणजे बाबांसारखी दाढी लावलेला, चंदेरी अंतराळपोशाखातला म्हातारा नट. खऱ्या बाबांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. हयातभर त्यांनी एकच धंदा केला, मेलेल्यांना हाक मारायचा. लोक त्यांना हाकवाले म्हणत. आणि आता ह्या मालिकेत हाकवाले यानात बसून कुठल्या कुठल्या ग्रहांवरच्या मेलेल्यांना बोलावत होते. मागच्या भागात तर एक पोरगं आलंही होतं, खुर्चीत बसून चक्क हसलं होतं.

"ताई, आम्ही त्यांची बदनामी कुठे केलीय?" दिग्दर्शक नरमाईने म्हणाला. "उलट नायक केलंय. जुने फोटो शोधून शोधून सगळं जमवलं. टेबल तसंच, दिवा तसाच, खुर्चीसुद्धा..."

"नायक कसला डोंबलाचा! बदनामी केली असतीत तर चाललं असतं. लबाडच होता माझा बाप. कुणी येत-बित नव्हतं. पण लबाडीसुद्धा नेटकी करायचा हो. बोलावलेल्याला परत पाठवल्याशिवाय जागचा उठायचा नाही. खुर्ची भिंतीकडे फिरवायची, 'जा आता' म्हणायचं, मग दिवा घालवायचा. आणि तुम्ही? पोराला बोलावलंत, खुर्ची तशीच ठेवलीत आणि जाहिराती सुरू!"

मागे कुणीतरी फिसकन हसलं. ती गर्रकन वळली.

"हसा! माझी आई त्या भागानंतर आडवी झालेली नाही. धाकटा भाऊ गेलाय माझा, लहानपणीच. ती म्हणते, तोच आला होता, त्याला कुणी परत पाठवलं नाही, पोर मध्येच लटकलंय. स्वयंपाकघरात खुर्ची मांडून समोर बसून असते. औषध नाही, अन्न नाही. समजावून थकले मी. भांडले. काल तर ती खुर्ची उचलून अंगणात फेकून दिली. आई अनवाणी गेली आणि परत घेऊन आली." तिचा आवाज चिरकला, आणि त्याचाच तिला आणखी राग आला. "तेव्हा नीट ऐका. खुर्ची फिरवल्याचं दाखवायचं. येत्याच भागात. आई बघेल आणि निजेल. मला बाकी काही नको."

दिग्दर्शकाने नटाकडे पाहिलं. "करू की. त्यात काय अवघड आहे? कॅमेरा लावा."

नट उठला. त्याने खुर्ची ओढली. पाय फरशीवर करकरले.

"अहो, ओढताय काय! आवाज झाला की जाणारा मागे वळून बघतो."

नटाने ती एका हाताने उचलली.

"दोन्ही हातांनी! सामान आहे का ते?"

"मग तुम्हीच दाखवा," नट म्हणाला. त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता.

"सरका."

बाबांच्या बैठकीत खुर्ची फिरवायचं काम तिचंच असे. परक्यांच्या आया, परक्यांचे नवरे, कितीजणांना तिने भिंतीकडे धाडलं होतं आणि लगेच खेळायला पळाली होती. फक्त भाऊ गेल्यावर त्याला बोलावलं, त्या वेळी बाबांनी तिला दुकानात पिटाळलं. ती परत आली तोवर खुर्ची फिरलेली, दिवा गेलेला, आई गप्प. तिला कुणी विचारलंही नाही.

तिने दोन्ही हातांनी खुर्ची उचलली. अर्धी वळवली. आणि तिथेच थांबली.

"आता ते म्हणायचं ना?" नट हळूच म्हणाला. "'जा आता.'"

"कळतंय मला!"

तिने तोंड उघडलं. पुन्हा मिटलं. सेटवरची खुर्ची ती, वजनाला अगदीच हलकी, तरी तिच्याच्याने ती पुढे वळवेना. एवढी मोठी बाई आणि हे काय चालवलंय, असं ती स्वतःवरच मनात करवादली. दिग्दर्शकाने घड्याळाकडे पाहिलं.

शेवटी तिने खुर्ची होती तशी टेबलाकडे तोंड करून खाली ठेवली, अजिबात आवाज न करता. मग नटाची जागा घेतली आणि खुर्चीसमोर बसली.

झालं असं समजून लाइटवाल्याने बटणाकडे हात नेला.

"ए! दिवा कशाला घालवतोस?" ती खेकसली. "बसू दे की त्याला जरा!"