कपाटातल्या रोपाची झोप

दार्दोला कुठेही झोप लागायची. मोंतेव्हिदेओच्या बसमध्ये त्याने एकतीस वर्षं कंडक्टरकी केली, आणि त्यातली निदान चार तरी वर्षं वरचा दांडा धरून उभ्या उभ्या झोपेत काढली असतील. त्याच्या बायकोला, सुल्माला, याचा भयंकर राग यायचा, आणि तो रास्तच होता. सुल्मा बत्तीस वर्षं इस्पितळाच्या धुलाईखान्यात रात्रपाळीला होती. निवृत्त झाली आणि झोप जी गेली ती गेलीच. रात्री ती छताकडे बघत पडायची, शेजारी नवरा घोरत असायचा. दिवसा झोपणं तिला लाजिरवाणं वाटे, म्हणून ती घासलेली भांडी पुन्हा घासत बसे. डॉक्टरांच्या गोळ्यांनी जिभेचं लाकूड व्हायचं, डोळ्याला डोळा काही लागायचा नाही. दोन वर्षांत तिचा चेहरा इतका ओढला गेला, की दार्दोला तिच्याकडे बघवेना.

म्हणून त्याने पोस्टात जाऊन आपलं नाव नोंदवलं. घरात गांजाची रोपं कायद्याने लावायची तर आमच्याकडे आधी पोस्टात जावं लागतं. सहा लावता येतात, दार्दोने एकच लावायचं ठरवलं. एका बाईला झोपवायला सहा कशाला?

निजायच्या खोलीतलं कपाट रिकामं करून त्याने त्यात दिवा टांगला आणि बागकामाच्या दुकानात गेला. दुकान अनाक्लारा नावाची मुलगी चालवायची. तिशीची, नखांत कायम माती, आणि बोलणं सरळसोट.

"पहिल्यांदाच लावताय ना आजोबा? मग ही हलकी माती घ्या. यात परलाइट घातलंय, पाणी साचत नाही. पहिले तीन आठवडे खत अजिबात नाही. मग ही वाढीची बाटली, अर्धं टोपण. फूल धरायला लागलं की ही दुसरी. तीही अर्धंच टोपण."

"माती? विकत?" दार्दोने पिशवी उचलून पाहिली. "अगं पोरी, अख्खा देश मातीवर उभा आहे!"

"मग देश लावा कुंडीत," अनाक्लारा म्हणाली.

दार्दोने एक बी घेतलं आणि घरी आला. तिथे शेजारचा ओलेगारिओ वाटच बघत होता. या माणसाला सगळ्यातलं सगळं कळायचं, फक्त दुसऱ्याच्या घरून कधी निघावं ते कळायचं नाही.

"बाटल्या घेतल्या नाहीस ना? शाबास! पोषण आपल्या घरातच आहे," असं म्हणून त्याने सुल्माच्या कचऱ्याच्या डब्याकडे बोट दाखवलं. डबा यर्ब्याच्या चोथ्याने काठोकाठ भरलेला होता.

यर्बा म्हणजे आमचा प्राण. भोपळ्याच्या वाटीत हा कडू पाला भरायचा, थर्मासमधलं गरम पाणी ओतायचं आणि धातूच्या नळीने ओढायचं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत. चहा-कॉफीने उडत नसेल अशी झोप यर्ब्याने उडते. हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण चोथा कुंडीत ओतताना कोणाच्या डोक्यात आलं नाही. परसातली माती निम्मी, चोथा निम्मा. झकास काळंभोर मिश्रण झालं, आणि बी तिसऱ्या दिवशी वर आलं.

खरी चूक पुढेच झाली, आणि ती शिष्टाचारापायी झाली. आमच्यात यर्ब्याची वाटी फिरते. जो समोर असेल त्याला त्याची पाळी द्यायचीच, आणि ज्याला पुरे झालं त्याने 'आभारी आहे' म्हणायचं. आभार मानेपर्यंत पाळी चुकत नाही. आता दार्दो आणि ओलेगारिओ रोज कपाट उघडून रोपासमोर खुर्च्या टाकून बसणार, आणि रोप समोर असताना आपण दोघांनीच प्यायचं? दार्दोने पहिल्याच दिवशी वाटीतलं कोमट पाणी रोपाला दिलं.

"पाहुणी आहे," तो ओशाळून म्हणाला.

"बरोबर आहे," ओलेगारिओ म्हणाला. "उपाशी कशी ठेवणार?"

पाहुणीने आभार मानले नाहीत. पाळी आली, पुन्हा दिलं. पुन्हा मानले नाहीत. असं दोन महिने चाललं. रोप कमरेएवढं झालं, पानं हाताच्या पंजाएवढी, रंग हिरवागार. दार्दो मिशीत हसत होता.

मग फूल धरायची वेळ आली. या रोपाला फुलायचं तर रोज बारा तास गुडुप अंधार लागतो, त्याला तेवढी झोप मिळावी लागते. दिवा रात्रीच्या स्वस्त विजेवर चालवायचा असल्यामुळे दार्दोने तिची रात्र सकाळी दहा ते रात्री दहा अशी ठरवली. पहिल्या दिवशी दहाला कपाट लावलं. सव्वादहाला आतून टकटक झाली.

दार्दोने दार उघडलं. सगळी पानं वर ताठ, बसथांब्यावरच्या माणसांसारखी. त्याने दार लावलं. पुन्हा टकटक.

"तिची पाळी आहे," ओलेगारिओ म्हणाला.

तीन आठवडे झाले, फुलाचा पत्ता नाही. रात्री सुल्मा टक्क जागी, दिवसा कपाटातली बाई टक्क जागी, आणि दोघींच्या मध्ये दार्दो गाढ झोपलेला. शेवटी सुल्माच भडकली.

"अरे, मला झोपवायला आणलंस ना हिला? हिचीच झोप उडवून ठेवलीस! बोलाव त्या पोरीला."

अनाक्लारा आली. तिने एक पान दोन बोटांत धरलं, कुंडीत बोट खुपसलं, बोट हुंगलं, आणि कपाळावर हात मारला.

"यर्बा पाजलात?"

"तिने कधी नको म्हटलं नाही," दार्दो पुटपुटला.

"नाद लागलाय हिला, आजोबा. या मातीत राहिली तर जन्मात झोपायची नाही. सगळी काढा. कोकोपीट घाला."

"म्हणजे?"

"नारळाच्या काथ्याचा भुसा. त्यात काहीच नसतं. गुण नाही, दोष नाही, मागचं काही नाही. तुम्ही द्याल तेवढंच तिला मिळणार. आणि तुम्ही अर्ध्या टोपणापेक्षा जास्त काही देणार नाही."

नारळ दार्दोने जन्मात झाडावर पाहिला नव्हता. पण या खेपेला तो निमूट पिशवी घेऊन आला, बाटलीसुद्धा.

मुळं धुवायचं काम सुल्माने कोणाला करू दिलं नाही. तिने टब घेतला, बाह्या सारल्या, आणि बत्तीस वर्षं चादरी धुतलेल्या हातांनी मुळांतला चोथ्याचा कण न् कण सोडवला. तीन पाण्यांतून काढलं. तिसरं पाणी नितळ झाल्यावर रोप कोकोपीटमध्ये बसवलं, आणि दुसऱ्या दिवशी कपाटातल्या बाई थरथरायला लागल्या. पानं लोंबली, टकटक वाढली. ओलेगारिओ चोरून थर्मास घेऊन आला, तर सुल्माने झाडूच उगारला.

"रोग्याला एकटं ठेवत नाहीत," ती म्हणाली. तिने स्टूल कपाटात नेलं, आत बसली आणि दार ओढून घेतलं. आतून तिचा आवाज येत राहिला. गाणं तिला एकही यायचं नाही. धुलाईखान्यात गठ्ठे लावताना म्हणायची तेच ती म्हणत होती. "तीन चादरी, दोन मोठ्या, नऊ अभ्रे... तीन चादरी, दोन मोठ्या, नऊ अभ्रे..."

दार्दो सूप ढवळत होता. दुपारी बाराच्या सुमाराला टकटक थांबली. मग सुल्माचा आवाजही थांबला. थोड्या वेळाने कपाटातून घोरण्याचा आवाज यायला लागला. हलका, मध्येच शीळ घातल्यासारखा. दार्दो तिथेच थबकला. दोन वर्षांत त्याने हा आवाज ऐकला नव्हता. हातात पळी धरून, सूप फरशीवर ठिबकत असताना, तो ढसाढसा रडला.

त्यानंतर रोज तेच. दहा वाजले की सुल्मा बाईला झोपवायला जायची, आणि सात-आठ तासांनी डोळे चोळत बाहेर यायची. "आज फार वेळ घेतला हिने," असं वर म्हणायची. तिच्या गालांवर मांस आलं. बाईंवरही फुलं आली. जाड, चिकट, दाराच्या फटीतून घरभर वास. नऊ आठवड्यांनी अनाक्लाराने भिंगातून बघून निकाल दिला.

"छान आलंय! उद्या कापा."

कापलं. वाळवलं, बरणीत भरलं. सुल्माने त्याचा काढा करून घेतला आणि रात्री अंथरुणावर पडली. सकाळी दार्दो उठला तेव्हा ती छताकडे बघत होती. दुसऱ्या रात्रीही तेच. काढा दुप्पट केला तर तिला भूक लागली, झोप नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता ती रिकाम्या कपाटासमोर उभी होती, हात कुठे ठेवावेत ते न कळल्यासारखी.

दार्दो धावत दुकानात गेला. "दुसरं रोप दे. झोप न येणारं."

"लहान रोपाला झोपवायचं नसतं, आजोबा. त्याला अठरा तास उजेड लागतो. दीडेक महिना थांबा."

दीडेक महिना! घरी येईपर्यंत दार्दोच्या डोळ्यांसमोर सुल्माचा तो ओढलेला चेहरा होता. सुल्मा परसात होती. त्याने बूट काढले, मोजे काढले, विजार गुडघ्यापर्यंत दुमडली. कपाटात जाऊन दोन्ही पाय कोकोपीटच्या कुंडीत घातले आणि वरचा दांडा धरला. दार्दोला झोपायला एवढं पुरेसं होतं. त्याचे डोळे लगेच मिटायला लागले. त्याने जीभ चावली आणि कपाटाच्या फळीवर टकटक केली.

सुल्मा आली. तिने नवऱ्याकडे पाहिलं, त्याच्या पायांकडे पाहिलं.

"सुल्मा," दार्दो म्हणाला, "मला झोप येत नाही गं."

एकतीस वर्षं उभ्याने घोरणारा माणूस! सुल्माने वाकून कुंडीत बोट खुपसलं, ओल बघितली.

"आज काही खायचं नाही," ती म्हणाली, "नुसतं पाणी." तिने त्याच्या पायांवर पेलाभर पाणी ओतलं. ते गार होतं, पण दार्दो हलला नाही. मग ती स्टुलावर बसली आणि दार ओढून घेतलं.

"तीन चादरी, दोन मोठ्या, नऊ अभ्रे..."

दार्दोने आळीपाळीने जीभ आणि गाल चावले. सगळं शरीर झोप मागत होतं आणि तो देत नव्हता. पंधराव्या की सोळाव्या खेपेला 'नऊ' आलं आणि 'अभ्रे' आलेच नाहीत. अंधारात ती शीळ सुरू झाली, हलकीशी. दार्दो पाय भुशात रोवून, दांडा घट्ट धरून, टक्क जागा उभा राहिला.