जुना पार्ट

विपुल सकाळी केळी भरून मंडीला निघाला होता, आणि थोड्याच वेळात चालत घरी परत आला. मी ओट्यावर गहू निवडत होते. तो खाली पायरीवर बसला आणि म्हणाला, "वहिनी, गाडीने मला पण तेच केलं."

विपुल माझा धाकटा दीर. 'तेच' म्हणजे काय, ते मला सांगावं लागलं नाही. गेल्या थंडीत, याच पिकअपमध्ये, मंडीच्या वाटेवरच्या याच वळणावर माझा नवरा चंदन वळला नाही. सरळ लिंबाच्या झाडावर गेला. गाडी दुरुस्त झाली, तो नाही.

गावाने लगेच निकाल लावला की डुलकी लागली असेल. ज्यांना डुलकी पुरेशी वाटली नाही त्यांनी बाटली जोडली. चंदन दारूच्या नुसत्या वासाने तोंड वाकडं करायचा, पण मेलेल्या माणसाला तोंड वाकडं करता येत नाही, त्यामुळे लोकांचं फावलं.

मी कुणाशी भांडले नाही. एरवी मी भांडले असते, माझ्या जिभेला हाड नाही असं सासूबाई मालूबाई सगळ्यांना सांगतात. पण चंदन गेल्यापासून मला काही वाटतच नव्हतं. भाकरी थापत होते, गोधड्या वाळत घालत होते, पोटभर जेवत पण होते. मालूबाई मधूनच माझ्या डोळ्यांत डोकावायच्या, उन्हाळ्यात विहिरीत डोकावतात तशा. पाणी दिसत नव्हतं. त्या बाजूला व्हायच्या आणि मला त्यांचा थोडा राग यायचा, तेवढाच काय तो.

सासरे, चुडामण आबा, मात्र एकच गोष्ट धरून बसले होते. पोरगा झोपला नव्हता. मारुतीच्या पारावर कुणीतरी 'रात्रभर कुठे जागला होता?' असं बोललं, तेव्हापासून त्यांनी पारावर जाणं सोडलं होतं.

"वळणावर स्टेरिंग जाम झालं," विपुल सांगत होता. "पुढची चाकं ओढू राहिली होती, टायर चिरकू राहिले होते. मी हळू होतो म्हणून वाचलो. खाली बघतो तर छोटा गिअर पुढे. मी हात पण लावला नव्हता वहिनी, कसम से."

आमची पिकअप फोर बाय फोर आहे. पावसाळ्यात तापीकाठच्या काळ्या मातीतून केळी बाहेर काढायची तर मागच्या दोन चाकांनी भागत नाही. म्हणून मोठ्या गिअरशेजारी एक छोटा गिअर असतो. तो पुढे टाकला की चारी चाकं ओढतात. चिखलात हे फार छान. कोरड्या डांबरीवर मात्र वळताना पुढची आणि मागची चाकं आपसात भांडतात, आणि गाडी वळायला तयार होत नाही. डांबरी लागली की छोटा गिअर मागे घ्यायचा, हे आमच्याकडे गाडी शिकताना पहिल्या दिवशी सांगतात.

आबा आतून सगळं ऐकत होते. ते तसेच बाहेर आले.

"लालबागला ने, गोटू मिस्त्रीकडे. आणि जे निघेल ते घेऊन या. जुना पार्ट माझ्या हातात पाहिजे. पारावर नेऊन ठेवतो सगळ्यांच्या समोर." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू पण जा बेटा. तू बघ तुझ्या डोळ्यांनी."

जुना पार्ट मागून घ्यायची आमच्याकडे रीतच आहे. मिस्त्री काही का सांगेना, काढलेली वस्तू हातात पडल्याशिवाय कुणी मान डोलवत नाही.

केळी दुसऱ्या गाडीत टाकून मंडीला धाडली आणि आम्ही शहराच्या स्टेशनाजवळच्या लालबागला गेलो. गोटू मिस्त्री तोंडाने गाडी दुरुस्त करणाऱ्यांपैकी. त्याने रिकामी पिकअप स्टेशन रोडला फिरवून आणली आणि म्हणाला, "काहीच नाही भाभी. वहम आहे." विपुलचा चेहरा बघून मग त्याने डॅशबोर्ड उघडला. फोर बाय फोर लागल्यावर पेटणारा हिरवा दिवा केव्हाचा उडालेला होता, तो नवा घातला. त्यानंतर गाडीखाली शिरून छोट्या गिअरला जागेवर धरून ठेवणारी स्प्रिंग काढली, नवी टाकली, आणि पुन्हा रिकामीच फिरवून आणली. दिवा पेटला नाही.

"झालं काम. स्प्रिंग ढिली होती," तो हात पुसत म्हणाला.

"भरून बघितली का?" मी विचारलं. ही काही हुशारी नव्हती. मला घरी जायचं नव्हतं, एवढंच. आबांचे ते आशाळभूत डोळे मला नको होते.

शेजारच्या पॉवरलूमवाल्याच्या सुताच्या गासड्या इतवाऱ्यातल्या बाजारात पोचवायच्याच होत्या. त्या भरल्या. गोटू चालवायला, मी मध्ये, विपुल दाराशी. पहिल्या वळणाला काही झालं नाही. पुढे एका खड्ड्यातून निघताना गोटूने जोर दिला, छोटा गिअर माझ्या गुडघ्याजवळ हळूच पुढे सरकला आणि हिरवा दिवा लागला. वळणावर स्टेअरिंग अडलं. गोटूने ब्रेक दाबून गाडी एका ऑटोच्या जरा अलीकडे थांबवली आणि आईच्या नावाने काहीतरी बोलला.

विपुल रडायला लागला. "भाऊ झोपला नव्हता," तो म्हणत होता, "झोपला नव्हता वहिनी."

मी दिव्याकडे बघत होते. झोपला नव्हता, म्हणजे जागा होता. स्टेअरिंग ओढत असणार, दोन्ही हातांनी. म्हणजे ते झाड येताना त्याने बघितलं. डुलकी निदान मऊ होती. हे कुणी मागितलं होतं? मी तरी नाही.

गॅरेजमध्ये परतल्यावर गोटूने गाडीतली पायाखालची चटई उचलली. छोटा गिअर मागे ओढला, तो मागे आला, पण पूर्ण नाही. बोटभर अलीकडेच थांबला. गिअर जिथून वर येतो तिथलं रबर फाटून गेलं होतं आणि त्या भोकात काहीतरी गच्च ठासलेलं होतं. गोटूने पेचकसाने ते उकरून काढलं. लाकडासारखा कडक, काळपट बोळा. केळीचं सोपट, खोडाची वाळलेली साल.

"हे घ्या," गोटू म्हणाला. "याच्यामुळे गिअर पूर्ण मागे बसू नाही राहिला. अर्धवट लटकलेला. भरल्या गाडीला जोर दिला की खालचा गिअरबॉक्स हलतो, आणि हा बोळा छोट्या गिअरला पुढे ढकलतो. रिकाम्या गाडीत कसं समजणार?" तो हसला. "कोणाची कारागिरी आहे?"

आम्ही दोघंही हसलो नाही. सोपट तीन पदरी वळलेलं होतं आणि टोक उलटं आत खोचलेलं. आमच्या घरात पाण्याचा पाईप गळो की खाटेचा पाय हलो, आबा ओलं सोपट घेतात, असंच वळतात आणि असंच ठासतात. वाळल्यावर ते हलत नाही. थंडीच्या तोंडावर चंदन एकदा जेवताना म्हणाला होता की रबर फाटलंय, पायाला गरम वाफ लागते. आबांनी ऐकलं असणार. पोराच्या पायाची काळजी, दुसरं काय.

विपुलने बोळा गटारात फेकला. मी गोटूला म्हटलं, "ती जुनी स्प्रिंग दे."

"ती तर चांगली निघाली भाभी."

"तोडून दे."

गोटूने विपुलकडे बघितलं, विपुलने जमिनीकडे. मग त्याने स्प्रिंग शिकंज्यात आवळून धरली आणि तोडून माझ्या हातावर ठेवली. त्या मॉडेलचं रबर इंदूरहून मागवावं लागणार होतं, म्हणून भोक उघडंच राहिलं.

घरी आल्यावर स्प्रिंगचे तुकडे आबांच्या हातात दिले. "गाडीतच दोष होता आबा. हे तुटलं होतं." ते उभ्यानेच पारावर गेले. संध्याकाळी परतले तेव्हा त्यांनी मागून वाढून घेतलं, मालूबाईंची थट्टा केली, आणि चंदनच्या फोटोपुढे ते तुकडे ठेवून कितीतरी वेळ बसून राहिले. मी भांडी घासली. खोटं बोलल्याचं मला काही वाटलं नाही. खरं कळल्याचं तरी कुठे काही वाटलं होतं?

सकाळी मी गोठ्याकडे निघाले तर पिकअपचं दार उघडं. आबा आत वाकून बसले होते. शेजारी बादलीत ओलं सोपट.

"आबा, काय करू राहिले?"

"त्या गोटूने भोक तसंच सोडलं बघ. विपुलच्या पायाला वाफ लागेल." ते सोपट वळत होते. "चंदनला पण लागत होती. तेव्हा मीच बसवून दिलं होतं. निघालं वाटतं कामात."

"रबर येतंय इंदूरहून."

"येईल तेव्हा काढू."

"मिस्त्रीने नको म्हटलंय."

"त्याला काय कळतं?" त्यांनी बोळा भोकात बसवला आणि अंगठ्याने दाबायला लागले.

विपुल आत आंघोळ करत होता. त्याला निघायचंच होतं, केळी तोडून झाली होती. मी मनात आणखी एखादं खोटं शोधत होते. आज बोळा काढला तरी उद्या ते पुन्हा बसवतील, हे मला दिसत होतं. मी घाबरले. किती दिवसांनी घाबरले, आणि किती जोरात. मी पुढे होऊन आबांचा हात धरला. आमच्या घरात सुनेने सासऱ्याचा हात असा कधी धरलेला नाही.

"नका बसवू आबा. स्प्रिंग चांगली होती. मीच तोडून आणली."

त्यांना कळलं नाही. मग त्यांची नजर खाली गेली. मोकळ्या हाताने त्यांनी छोटा गिअर मागे ओढला. तो ओल्या सोपटाला अडून थांबला. त्यांनी पुन्हा ओढला, आणखी जोरात. तिथेच थांबला.

त्यांनी बोळा उपसून काढला आणि गिअर ओढला. तो खट्ट करून पूर्ण मागे बसला.

बोळा त्यांच्या मुठीतच होता. हातातून पाणी गळत होतं, धोतर भिजत होतं. मी हात सोडला नव्हता.

"पण तो जागा होता ना?" त्यांनी विचारलं.

"जागा होता, आबा," मी म्हणाले. "शेवटपर्यंत."