मीठ ओढणारी बाय

हेमालीचं पहिलं कार्टून चौथीच्या गणिताच्या वहीत होतं. पानांच्या कोपऱ्यांत खेकडे काढलेले. पानं भर्रकन सोडली की खेकडा बिळात पळायचा. मास्तरांनी वही जप्त केली आणि मधल्या सुट्टीभर स्वतःच पळवत बसले.

पुढे मुंबईत दहा वर्षं दुसऱ्यांच्या कार्टूनमधली माकडं नाचवून ती उरणला परतली आणि मिठाच्या रिकाम्या गोदामात कार्टूनची कंपनी काढली. मिठागरातल्या एका बायची गोष्ट, तीही आपल्या बोलीत! लोक हसले, ती चित्रं काढत राहिली.

आज चॅनेलच्या मॅडम पहिला भाग बघायला येणार होत्या. पसंत पडला तर सव्वीस भाग. नाही तर गोदामाला कुलूप आणि तिचे सहाही चित्रकार दुसरीकडे नोकरीला.

काहीही बाहेर जायच्या आधी आईला दाखवायचं, हा तिचा शिरस्ता. केसरआईचा जन्म मिठागरात गेलेला. बघता बघता ती पदर तोंडाला लावून हसू लागली.

"काय झालं गो आये? इथं तर विनोद न्हाय."

"तुझी बाय पुढं चालत मीठ ओढते! आपल्याच मिठावर पाय देल ना. फळीनं मीठ ओढताना मागं मागं जायाचं. इसरलीस?"

हेमालीचे कान तापले. मुंबईत माणसं पुढेच चालवायची सवय लागलेली.

"ताई, मॅडमना काय कळणार?" चित्रकारांतला निकेत कुजबुजला. "तीनच तास आहेत."

"मॅडमना नाही, पण गावातल्या समद्या बायांना कळेल."

तिने आईच्या हाती खराटा दिला, गोदामापुढच्या अंगणात तिला मागं मागं चालवलं, मोबाइलवर टिपलं. सगळे चित्रं काढायला बसले. मॅडम आल्या तेव्हा त्या प्रसंगात नुसत्या पेन्सिलीच्या रेघा होत्या. रंग नाहीच.

"हे अर्धवट आहे," मॅडम म्हणाल्या. हेमालीने खरं ते सांगितलं. ते ऐकून मॅडम म्हणाल्या, "पण उलटी चाल मुलांना विचित्र वाटेल. पुढेच चालू दे ना तिला."

सहाही जण तिच्याकडे बघत होते.

"मागेच चालेल, मॅडम."

मग केसरआईनेच मॅडमना अंगणात नेलं आणि खराटा पुढे केला. "घे बाय, ओढून बघ."

मॅडमनी चपला काढल्या. चार पावलं मागे गेल्या आणि धपकन तुळशीच्या कट्ट्यावर बसल्या.

"आई, मागे न बघता कसं हो जमतं?"

"पायाला म्हाईत असतं."

मॅडम हसत सुटल्या. डोळे पुसत हेमालीला म्हणाल्या, "चाल हीच ठेवा. हिला रंगवा, आणि पुढचे पंचवीस भाग कधी देताय ते सांगा."

निकेतने अंगणातच अशी शीळ घातली की शेजारच्या कोंबड्या कुंपणावर चढल्या.