औषधांचा डबा आणि दुपारचं ताट

मित्रांनो, माझ्या झाकणावर एकेकाळी मोर होता. आता त्याचे पाय तेवढे उरले आहेत. मी बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे, आणि खरं सांगायचं तर फार दमलो आहे. कडी तुटली आहे, अंगाला पोचे आले आहेत, आणि झाकण बुक्की मारल्याशिवाय बसत नाही. दिवसातून तीनदा बुक्की खाऊन कोण ताजंतवानं राहील?

माझा जन्म भोसरीचाच. एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपात पत्र्याचा तुकडा प्रेसखाली गेला आणि धाडकन मी बाहेर आलो. पोटात बिस्किटं घेऊन चाकणच्या एका कंपनीत गेलो. दिवाळीला कंपनीनं कामगारांना डबे वाटले, तेव्हा समाधानच्या वाट्याला आलो. समाधान परभणीकडचा. आई कौशल्याबाई आणि बायको वर्षाली यांच्यासोबत तो भोसरीत भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो. बिस्किटं पाहता पाहता संपली. मग माझ्यात सुईदोरा राहिला, मग लाइटबिलं राहिली, आणि कौशल्याबाईंना साखरेचा आजार जडल्यावर औषधं आली. ती आली ती कायमची.

सुरुवातीला माझा काय तोरा होता! मेडिकलवाला गोळ्यांच्या कागदी पाकिटावर इंग्रजी अक्षरं खरडून देई. वर्षालीनं त्याला विचारून विचारून ती शिकून घेतली. ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी म्हणजे दोनदा, टीडीएस म्हणजे तीनदा. शेजारणी आपापली पाकिटं घेऊन यायच्या. "वर्षाली, बघ गं, काय लिवलंय ह्याच्यावर?" मला मांडीवर घेऊन ती सगळ्यांना समजावून सांगे. डबा किती टापटीप ठेवलाय, असंही कुणीतरी म्हणे, आणि मी फुगून जाई. पत्र्याला फुगता येत नाही म्हणा.

मग डॉक्टरांनी कौशल्याबाईंची गोळी बदलली. नव्या पाकिटावर टीडीएस होतं आणि त्याच्यापुढे एसी. मेडिकलमध्ये त्या दिवशी ही गर्दी! "तीन टाइम द्या," एवढं म्हणून मेडिकलवाल्यानं पाकीट पुढे सरकवलं. एसी हे औषधाच्या कंपनीचं काहीतरी असेल, असं वर्षालीला वाटलं. शिवाय सगळ्यांना सांगणाऱ्या बाईनं पुन्हा काय विचारायचं, हेही थोडं असेल. तिनं विचारलं नाही.

गोळी मात्र एकदाही चुकली नाही. सकाळ-संध्याकाळ निभावून जाई, कारण गोळीपाठोपाठ न्याहारी नाहीतर जेवण असे. घोटाळा होता दुपारचा. बाराच्या भोंग्याला गोळी ठरलेली. पण समाधानची फर्स्ट शिफ्ट, घरी यायला त्याला चार वाजत. आणि कौशल्याबाईंचा नेम असा, की लेक आल्याशिवाय ताटावर बसायचं नाही.

"आत्या, दोन घास खाऊन घ्या की," वर्षाली म्हणे. सासूला ती आत्याच म्हणते.

"लेकरू तिकडं उपाशी राबायलंय, अन् मी इथं गिळत बसू व्हय? येऊ दे त्याला."

मी फळीवरून बघत राही. हळूहळू त्यांचे हात थरथरायला लागले, घाम सुटायला लागला, जीव घाबरा होऊ लागला. साखर वाढली असणार, असं घरात ठरलं. म्हणून चहातली उरलीसुरली साखरही बंद झाली. आगीतून फुफाट्यात, दुसरं काय!

एके दिवशी समाधानला ओव्हरटाइम लागला. चार वाजले, पाच वाजले. कौशल्याबाई उठायला गेल्या, आधारासाठी फळी धरली, आणि मला घेऊनच खाली आल्या. माझी कडी तुटली ती तेव्हा. वर्षालीनं मला पिशवीत कोंबलं, शेजाऱ्यांच्या मदतीनं सासूला रिक्षात घातलं आणि दवाखाना गाठला.

ग्लुकोज चढलं तसे त्यांचे डोळे उघडले. मग डॉक्टरबाईंनी ते पाकीट हातात घेतलं.

"दुपारची गोळी कधी दिली?"

"बाराला, मॅडम. एकदाबी चुकले न्हाई मी."

"आणि जेवण?"

वर्षाली हळूच म्हणाली, "त्या लेक आल्यावर जेवतात. हात थरथरतात, घाम सुटतो, म्हणून चहातली साखरबी बंद केलीय."

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. "एसी म्हणजे जेवणाआधी. ही गोळी घेतली की ताट समोर हवं. जेवण नाही, तर ती गोळीही नाही. हात थरथरले, घाम फुटला, ती साखर उतरल्याची खूण होती. तेव्हा साखर द्यायची, काढून घ्यायची नाही."

"मी रोज वेळेवर दिली हो," एवढंच वर्षाली म्हणत राहिली. तिचं रडणं मला बघवेना. जिवापाड जपणाऱ्या हातांनीच असं व्हावं, याचं मला आजही फार वाईट वाटतं.

घरी आल्यावर तरी कौशल्याबाई ऐकतील? बारा वाजता ताट पुढे आलं, तसं त्यांनी ते बाजूला सरकवलं. "मंग गोळीच नको मला. लेकराच्या आधी मी जेवणार न्हाई."

समाधाननं त्या दिवशी रजा टाकली होती. तो आईपुढे मांडी घालून बसला आणि जमिनीकडे बघत म्हणाला, "आई, मी उपाशी नसतो. कंपनीत कँटीन हाय. तिथं पोटभर जेवतो मी."

"मंग घरी येऊन जेवतोस ते?"

"तू थांबलेली असतीस ना. जेवून आलोय म्हणलं तर तुला वाईट वाटंल. म्हणून परत जेवायचो."

कौशल्याबाईंनी लेकाच्या सुटलेल्या पोटाकडे पाहिलं, मग ताटाकडे पाहिलं. "मुडद्या, सांगायचं न्हाई व्हय?" म्हणाल्या आणि डोळ्यांना पदर लावला. मग गोळी घेतली आणि जेवल्या.

आता दुपारी आधी ताट वाढल्याचा आवाज येतो, मगच माझ्या झाकणाला हात लागतो. पाकिटावर वर्षालीनं मोठ्या मराठी अक्षरात 'जेवणाआधी' असं लिहिलं आहे. शेजारणी अजून येतात. पण एखादं अक्षर अडलं, की ती अंदाज करत नाही. "हे मला येत न्हाई, चला विचारून येऊ," म्हणते आणि चपला घालते.

मित्रांनो, गंज आता माझ्या आतपर्यंत आला आहे. मला घासूनपुसून ठेवा, रंग द्या, असं काही मी मागत नाही. पण तुमच्या घरातही माझ्यासारखा एखादा डबा असेल. त्यातल्या पाकिटांवर काय लिहिलंय ते घरच्यांना विचारा. त्यांना येत नसेल, तर त्यांच्यासोबत जाऊन डॉक्टरांना विचारा. मागे कितीही गर्दी असू दे, लाजू नका.

कौशल्याबाई अजूनही चतकोर भाकरी झाकून ठेवतात. चार वाजता समाधान येतो आणि पोट भरलेलं असलं तरी ती खातो. आई समोर बसून बघते. तिचं जेवण कधीच झालेलं असतं.