विलास आला की गाडी सुरू होते

मला माझ्या धाकट्या भावाचा हेवा वाटतो. पन्नाशीला टेकलेल्या बाईनं असं म्हणू नये, पण वाटतो त्याला काय करणार? विलास गुडगावला कुठल्याशा उंच टॉवरमध्ये राहतो आणि आठवण झाली की फोन करतो. मी अलकनंदा, दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये अण्णांबरोबर, म्हणजे आमच्या वडिलांबरोबर राहते. त्यांच्या गोळ्या, त्यांचं पथ्य, त्यांची कुरकुर, सगळं माझ्याकडे. आणि कौतुक कुणाचं, तर विलासचं. आई होती तेव्हा ती निदान तोंडदेखली तरी माझी बाजू घ्यायची. ती गेल्यापासून तेवढंही राहिलं नाही.

या दुखण्याचं मूळ म्हणजे अण्णांनी रिटायर होताना घेतलेली मोटरसायकल. तिच्यात पेट्रोल मी भरते, सर्व्हिसिंगला मी नेते, रविवारी अण्णांना मागे बसवून भाजीला आणि भजनाला मीच नेते. कॉलनीत मला मोटरसायकलवाली मॅडम म्हणून ओळखतात. अण्णा मात्र चारचौघांत सांगताना 'आमच्या विलासची गाडी' असंच म्हणतात. दसऱ्याला गाडीला हार घालायचा मानही त्याचाच. गाडी धुवायची मी, रांगोळी काढायची मी, श्रीखंडासाठी चक्का टांगायचा मी, आणि ऐन वेळी विलासराव कडक इस्त्रीचा कुर्ता घालून येणार, हार घालणार, नारळ फोडणार.

त्या वर्षी उन्हाळा संपता संपता गाडी रविवारी सुरू होईना. सोमवार ते शुक्रवार मी मेट्रोनं कस्तुरबा गांधी मार्गावरच्या ऑफिसला जाते, त्यामुळे गाडी बाहेर निघते ती रविवारीच. तिला किक नाही. बटण दाबायचं, बॅटरीत जीव असला तर इंजिन फिरतं, नसला तर नुसतं टक्-टक् वाजतं. त्या रविवारी टक्-टक् वाजलं. मी मेकॅनिकला फोन लावत होते, तेवढ्यात अण्णा म्हणाले, विलासला बोलाव.

विलास आला. गाडीशेजारी स्वतःची कार लावली, डिकीतून लाल आणि काळी अशा दोन जाड वायरी काढल्या, कारची बॅटरी मोटरसायकलच्या बॅटरीला जोडली आणि बटण दाबलं. इंजिन धडधडलं. त्यात काही विशेष नव्हतं, वायरी असत्या तर मीही केलं असतं. पण अण्णांनी शेजाऱ्यांना गॅलरीतून हाका मारून ते दाखवलं. दुपारी जेवताना त्यांनी एक पोळी जास्त घेतली. एरवी मी आग्रह केला की पोट भरलं म्हणतात.

पुढच्या रविवारी पुन्हा टक्-टक्, पुन्हा विलास. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. शेवटी त्यानं निकाल दिला, "ताई, ही बॅटरी गई यार, बिल्कुल डेड आहे. मी ऑनलाइन बघतो, एकदम मस्त टाकू." अण्णांनी लगेच मला बजावलं, की तू आता त्यात हात घालू नकोस, विलास बघतोय. विलास कसला बघतोय. तो दर रविवारी यायचा, वायरी लावायचा, पोटभर जेवायचा आणि बॅटरीचं विसरून जायचा. मी आतल्या आत धुमसत होते. रोज मरमर करते ती मी, आणि आठवड्यातून एकदा बटण दाबणाऱ्याचं एवढं कौतुक.

मग एकदा तो आला नाही. त्याच दिवशी मी आईच्या शिवणाच्या डब्यातली टेप काढली, बॅटरीच्या कप्प्याची लांबी-रुंदी-उंची मोजली, जुन्या बॅटरीचा फोटो काढला आणि चालत जवळच्या मुनिरक्याच्या बाजारात गेले. दुकानदार आधी माझ्या मागे पाहत राहिला. मग म्हणाला, "मैडम, घर से किसी भाईसाहब को भेज दीजिए, वो देख लेंगे."

जखमेवर मीठच ते. मी त्याला शांतपणे सांगितलं की भाईसाहब गुडगावला राहतात, बॅटरी मला दाखवा. त्यानं सगळ्यात मोठी पुढे केली. मी टेप लावून दाखवलं, की ही कप्प्यात बसणार नाही. दुसरी बसत होती, पण तिचं प्लसचं टोक डाव्या हाताला होतं. आमच्या गाडीची लाल तार उजवीकडून येते, ती तिथवर पोचलीच नसती, आणि कुणी ओढूनताणून उलटी जोडलीच तर फ्यूज उडाला असता. मला जुनीच्याच ताकदीची, त्याच मापाची, प्लस उजवीकडे असलेली आणि नुकतीच कारखान्यातून आलेली हवी होती. ती मिळाली. ती त्याच्याकडेच पूर्ण चार्ज करून घेतली आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी आणून दहा नंबरच्या पान्यानं स्वतः बसवली. आधी लाल तार, मग काळी. बटण दाबताच गाडी सुरू झाली.

अण्णा खाली आले. इंजिनाचा आवाज त्यांनी थोडा वेळ मान कलती करून ऐकला. मी वाट बघत होते. छान केलंस, एवढे दोन शब्द मला पुरले असते.

"विलासला विचारलं होतंस ना?" ते म्हणाले.

मी वर गेले आणि उगाच भांडी आदळली.

नवी बॅटरी चांगली निघाली. रविवारमागून रविवार गाडी बटणासरशी सुरू होत होती आणि विलास यायचा बंद झाला. मी खूश होते. अण्णा मात्र गप्प गप्प राहू लागले. रविवारी सकाळी मी गाडी काढायला गेले की ते जिन्यात उभे राहून ऐकायचे, आणि ती सुरू झाली की हळूच परत वर जायचे. मला वाटलं, वय झालं, दुसरं काय?

नवरात्रात एके दिवशी डोकं दुखायला लागलं म्हणून मी हाफ डे टाकून घरी आले. खाली गाडीजवळ प्लॅस्टिकच्या खुर्चीवर अण्णा बसले होते. भर दुपारी गाडीचा हेडलाइट लागलेला होता. किल्ली गाडीला, इंजिन बंद. अण्णांनी आपला तळहात दिव्यासमोर धरला होता. उजेड मंद होतोय का, ते बघत होते. नसावा होत, कारण त्यांनी हात मागे घेतला, सुस्कारा सोडला आणि पुन्हा धरला.

मी भिंतीआड उभी राहिले. जुनी बॅटरी कशानं मेली ते मला तेव्हा समजलं. रोज दुपारी मी ऑफिसात असताना हा माणूस खाली येऊन दिवा लावून बसत होता. बॅटरी उतरावी, रविवारी गाडी बंद पडावी आणि विलासनं यावं म्हणून. दुसऱ्या कुणाला दया आली असती. मला आधी मत्सरच वाटला, इतका की डोळ्यांत पाणी आलं. मी घरात आहे म्हणून माझी वाट बघावी लागत नाही, आणि वाट बघावी लागत नाही म्हणून मला किंमत नाही. मी मागच्या जिन्यानं वर गेले आणि पडून राहिले. अण्णा वर आले तेव्हा त्यांना म्हटलं, आताच आले.

दसऱ्याच्या सकाळी मी गाडी धुतली. अण्णांनी नेहमीप्रमाणे गाडीची हत्यारं, म्हणजे पाने, पकड आणि स्क्रू-ड्रायव्हर, पाटावर ओळीनं मांडली, त्यांना ओल्या बोटानं हळदकुंकू लावलं आणि झेंडूचं फूल वाहिलं. आमच्याकडे एकदा पूजा झाली की ती हत्यारं त्या दिवशी उचलत नाहीत. तेवढ्यात विलासचा फोन आला. त्याच्या सोसायटीत कार्यक्रम होता, पाहुणेही यायचे होते. गाडी आता ठीक आहे ना, मग हार ताईच्या हातून घालून घ्या, असं तो म्हणाला.

मला ते ऐकू आलं. इतकी वर्षं ज्या मानासाठी मी जळत होते तो आपणहून माझ्याकडे चालत आला होता. अण्णांनी फोन ठेवला. कुर्त्याच्या बाह्या सरळ केल्या, हार उचलून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "घाल तूच."

त्यांचा आवाज इतका लहान होता की मला तो हार धरवेना. मी म्हटलं, आधी आंघोळ करून येते, तुम्ही तोवर गीतेचा अध्याय म्हणा. ते देवासमोर डोळे मिटून बसले. मी पाटावरचा दहा नंबरचा पाना उचलला, खाली गेले, सीट काढली आणि बॅटरीच्या काळ्या तारेचा नट सैल केला. मला स्वतःचा राग येत होता. विलासचाही येत होता. पाना परत पाटावर ठेवला आणि बाथरूममधून विलासला फोन लावला.

"गाडी बंद पडलीय," मी म्हटलं. "बंद गाडीची पूजा अण्णा करणार नाहीत, आणि पूजा झाल्याशिवाय जेवणार नाहीत. ये."

तो कुरकुरला, पण आला. अण्णा गॅलरीतच उभे होते. कार दिसताच ते जिना उतरले, कठडा न धरता. विलासनं सीट काढली, तार हलवून पाहिली आणि हसला. नट सैल झालाय यार, एवढंच. तो पाटावरचा पाना आणायला निघाला तर अण्णांनी अडवलं, आज ती हत्यारं उचलायची नाहीत. मी दुसरीकडे बघत राहिले. विलासनं कारमधला पाना आणला. तो नट आवळत असताना अण्णा त्याच्या खांद्यावरून वाकून बघत होते. बटण दाबलं, गाडी सुरू झाली.

"बघ," अण्णा मला म्हणाले, "विलासचा हात लागला की सुरू होते."

विलासनं हार घातला, नारळ फोडला. अण्णांनी दोनदा श्रीखंड मागून घेतलं. जेवताना ते इतकं बोलले की त्यांना ठसका लागला आणि विलासनं त्यांची पाठ चोळली. पाणी मी दिलं. पाहुण्यांसाठी विलास लवकर निघाला. अण्णा कार वळेपर्यंत फाटकाशी उभे राहिले.

संध्याकाळी मी दिवा लावला. अण्णा पाटासमोर बसले होते. त्यांनी हत्यारांना हात लावला नाही, नुसतं बोट दाखवलं. सगळ्या पान्यांवर कुंकवाचे गोल टिळे होते. दहा नंबरच्या पान्यावरचा मात्र फासलेला होता.

"नटालाही लागलं होतं कुंकू," ते म्हणाले. "विलासला दिसलं नाही. त्याला यातलं काही कळत नाही."

मी उभी होते तिथेच खाली बसले. त्यांच्या दुपारी दिवा लावून बसण्याबद्दल मीही काही विचारलं नाही. आजवर विलासला माहीत नसलेली एकही गोष्ट अण्णांनी मला सांगितली नव्हती. आज सांगितली, आणि तीही विलासबद्दलचीच.

"बॅटरी चांगली निवडलीस," ते म्हणाले. "मी पुष्कळ प्रयत्न केले, उतरली नाही."

मग ते उठले, खोलीच्या दाराशी गेले आणि तिथूनच, माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "दिवाळीला येईल का गं तो?"

"येईल," मी म्हटलं. "या वेळी पाना पुसून घेते."