सेमाडोहला गेलेला नवरदेव

"ओ भाऊ, कॅनमंधी नाई देत म्हन्लं ना! शेठचा हुकूम हाय. गाडीत भरा, नाई तं सरका पुढं!"

देवानंद तायडे ओरडला आणि नळी परत जागेवर अडकवली. बोरगावच्या पुढे हमरस्त्यावर जो पंप आहे, तिथे सकाळपासून मोटारसायकलींची रांग लागली होती. कुणीतरी मोबाइलवर टाकलं होतं, की उद्यापासून पेट्रोल फक्त फौजेला मिळणार. झालं! ज्यानं कालच टाकी भरली होती तोही झाकण उघडून उभा. पाकिस्तानशी जुंपणार हे काश्मीरातल्या त्या हत्याकांडापासून सगळेच बोलत होते. पण जुंपलं तर आपल्या घरात काय कमी पडेल, हे लोकांना आता सुचत होतं. तेलाचे डबे, मिठाच्या पिशव्या, साखर, जे मिळेल ते घरात. दुकानदारांनी भाव चढवले आणि गिऱ्हाइकांनी शिव्या देत देत तेच भाव दिले.

रांगेत किसनराव मास्तर होते. निवृत्त माणूस, जुनी स्कूटर, आणि खरं बोलायची जुनी खोड.

"देवानंद, बाँब तेच्यापाशी बी हाय अन् आपल्यापाशी बी हाय," मास्तर म्हणाले. "उद्या कोन्या येड्यानं बटन दाबलं, तं कोन जितलं हे सांगाले कोन उरन? अन् नाई दाबलं, तरी डिझेल चढन, खत चढन. बाँब पडाच्या आंधीच गरीब मानूस मरते का नाई पाह्यजो."

"मास्तर, तुमी जलमाचे भित्रे!" देवानंदनं आवाज चढवला. "एकडाव निकाल लावून टाकाले पायजे. घुसा अन् मारा!"

"बोलनं सोपं असते बापा. पोरगं कोनाचं जाते?"

"माहं जाते! माहा सुगत फौजेत हाय. ज्याचं पोरगं फौजेत, त्यानं बोलावं. बाकीच्याईनं चूप राहावं!"

रांगेत टाळ्या पडल्या. मास्तरांनी मान खाली घालून पेट्रोल भरून घेतलं आणि स्कूटरला किक मारली.

माणूस वाईट नव्हता हो देवानंद. पण उभा जन्म नळी धरून उभं राहण्यात गेला, आणि लोक त्याच्याकडे न पाहताच 'शंभरचं टाक' म्हणायचे. त्याच्या बोलण्याला कधी कुणी साधं हूंसुद्धा केलं नव्हतं. सुगत फौजेत गेला आणि एका रात्रीत तो 'फौजीचा बाप' झाला. पानठेल्यावर त्याला बसायला जागा मिळू लागली. आधी मान मिळाला, मग जीभ सैल सुटली. त्या दुपारी शेठ जेवायला गेल्यावर त्यानं स्वतःसाठी एक कॅन डिझेल भरून घेतलं, परवा वऱ्हाडाचा टेम्पो अचलपूरला न्यायचा होता म्हणून. शेठचा हुकूम लोकांसाठी होता, फौजीच्या बापासाठी थोडाच!

दुसऱ्या दिवशी हळद होती. सुगत सुट्टीवर आला होता आणि उद्या अचलपूरच्या प्रियदर्शनीशी त्याचं लग्न. अंगणात मांडव, समोर बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो. मुहूर्त नाही, देवक नाही. याबाबतीत देवानंद मोठा कडक, दुसऱ्यांच्या लग्नात जाऊनसुद्धा तो सांगायचा, "आपन बौद्ध मानसं, आपल्यात असलं काई नसते." हळद मात्र बायकांची हौस म्हणून चालायची. हौस कसली, धिंगाणाच. सुगत पाटावर बसला होता, कोपरापर्यंत पिवळा. त्याचे हात भरलेले, म्हणून त्याचा मोबाइल देवानंदच्या खिशात होता.

तो वाजला. गलक्यात ऐकू येईना म्हणून देवानंद घरामागच्या टाकीजवळ गेला.

"सुगत है? पलटन से हवलदार बोल रहा हूँ. सबकी छुट्टी रद्द हो गई है. उसको आज ही निकलना है."

देवानंदच्या तोंडचं पाणी पळालं. मांडवातून हसण्याचा आवाज येत होता. कौशल्या, त्याची बायको, लेकाच्या कानामागे हळद चोळत होती आणि तो लहान पोरासारखा अंग चोरत होता. रांगेत टाळ्या मिळवणारी जीभ आता टाळूला चिकटली होती. आणि सुटली तेव्हा भलतंच बोलली.

"वो... वो तो घर पे नई है, साहेब. सेमाडोह गया. मेरी बहन रहती उधर, शादी का न्यौता देने को. जंगल है ना, नेटवर्क नई लगता."

सेमाडोह पडलं मेळघाटाच्या जंगलात, आणि आमच्याकडे कुणाला टाळायचं असलं की माणूस खुशाल मेळघाटात जातो, म्हणजे गेला असं सांगायचं. मित्राचा फोन टाळायचा, सोयऱ्याचा टाळायचा, मेळघाट कधी नाही म्हणत नाही. ऐकणाराही वऱ्हाडी असला तर मनातल्या मनात हसतो. पण हवलदार बिचारा कुठला तरी हिमाचलचा. त्यानं विश्वास ठेवला.

"कब तक आएगा, चाचाजी?"

"परसों."

"आते ही भेज देना. मैं ऊपर बोल देता हूँ."

देवानंदनं मोबाइल बंद करून खिशात टाकला. दोनच दिवस, त्यानं स्वतःला समजावलं. लग्न होऊ दे, मग जाईलच की. पोरगा काही पळून चालला नाही. एक सुगत दोन दिवस नसला तर काय सीमा उघडी पडते? तो मांडवात येऊन हसला आणि कुणालातरी शरबत दिलं.

थोड्या वेळानं दुर्गाबाई आल्या. दोन गल्ल्या सोडून घर, नवरा कधीच गेलेला, एकुलता एक पियुष. पियुष आणि सुगत एकाच पलटणीत. तोही घर शाकारायला म्हणून सुट्टी काढून आला होता. बाई मांडवाच्या दाराशीच थांबल्या. हातात फडक्यात बांधलेल्या दशम्या होत्या.

"देवानंदभाऊ, पियुषले फोन आला. संध्याकाळच्या गाडीनं निंगून राहिला तो. ते साहेब म्हने, सुगत सेमाडोहले गेला, तेच्या घरी अजून एकडाव सांगजा. मी म्हनलं, आज तं हळद हाय, सेमाडोहले कसा काय..."

त्यांचं बोलणं तिथंच अडलं. देवानंदच्या खांद्यावरून त्यांना पाटावर बसलेला नवरदेव दिसला.

देवानंद आडवा आला. "वयनी, हळू बोला. हळद लागली तेले. हळद लागल्यावर पोरानं घराभायेर पाय टाकू नाई म्हन्तेत..."

आपण काय बोलून गेलो, हे त्याचं त्यालाच ऐकू आलं. समोर बाबासाहेबांचा फोटो. त्यानं तिकडे पाहायचं टाळलं.

दुर्गाबाई चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी सरळ, खरंच उत्तर हवं असल्यासारखं विचारलं, "माह्या पियुषले हळद नाई लागली, मनून तो जावा का भाऊ?"

धरणीनं पोटात घ्यावं असं म्हणतात ना, तसं झालं देवानंदला. पण बोरगावची ती काळी जमीन, तिला उन्हाळ्यात भेगा पडतात तेवढ्याच. माणूस काही ती पोटात घेत नाही. बायकांची गाणी थांबली. सुगत पाटावरून उठून जवळ आला होता.

"बाबा, फोन द्या."

देवानंदनं दिला. सुगतनं पिवळ्या बोटांनी तो चालू केला, हवलदाराचा येऊन गेलेला फोन पाहिला, आणि बापाकडे बघितलं.

"आई, पानी काढ. आंग धुतो."

"अरे, पन उद्या लगन हाय राजा!" कौशल्या मटकन खाली बसली. मग नवऱ्याकडे वळली. "तुमाले मालूम होतं? अन् मले बी नाई सांगतलं? मी तेले हळद लावून राहिली होती, अन् तुमी शरबत वाटून राहिले होते?"

सुगतनं प्रियदर्शनीला फोन लावला. ती परिचारिका, आडवळणाचं बोलणं तिला येत नाही. ती काय म्हणाली ते शेजारी उभ्या असलेल्यांनाही ऐकू आलं. "या तुमी जाऊन. मी काई पळून नाई चालली." आणि मग फोनवर रडण्याचा आवाज आला, तेव्हा सुगत आत निघून गेला.

मांडवात पाहुणे एकमेकांच्या कानाला लागले होते. किसनराव मास्तरही हळदीला आले होते. आता ते कालचं काढणार, अशी देवानंदनं मनाची तयारी केली. काढावंच, असंही त्याला वाटलं. मास्तर उठले आणि एवढंच म्हणाले, "टेम्पोत डिझेल हाय ना? मंग चाल. पोराईले ठेसनावर सोडून देऊ."

डिझेल होतं. कुठून आलं होतं ते एकट्या देवानंदला ठाऊक होतं. उद्या सकाळी ज्या टेम्पोतून नाचत-गात वऱ्हाड निघायचं होतं, त्यात दोन काळ्या बॅगा, दोन पोरं आणि दोन घरची माणसं बसली. वाटेत पंप लागला. रांग कालच्यापेक्षा लांब होती. रांगेतल्या कुणीतरी देवानंदला ओळखून हात उंचावला आणि ओरडला, "घुसून मारा!" देवानंद खाली वाकून चपलेचा पट्टा नीट करत बसला.

अकोल्याच्या फलाटावर ऊन अजून होतं. सुगतनं गणवेश घातला होता, पण कानामागची हळद निघाली नव्हती. एवढ्यात त्याचा मोबाइल वाजला. तो ताठ उभा राहिला.

"जी साहब. जी, सेमाडोह में था... नहीं साहब, वहाँ नेटवर्क नहीं था... जी, पिताजी ने आते ही बता दिया. उन्होंने ही भेजा, साहब."

लहानपणी शेजाऱ्याच्या झाडाच्या चिंचा तोडल्या तर स्वतःहून सांगून मार खाणारं पोरगं ते. गणवेश अंगावर असताना, ताठ उभं राहून, पहिल्यांदा खोटं बोललं.

"काहून खोटं बोलला रे?" देवानंदनं विचारलं. "सांगाचं ना, बाप लबाड निंगाला मनून. दे तो फोन, मी सांगतो तेले."

"राहू द्या बाबा." सुगत बॅगेचा पट्टा ओढत म्हणाला. "पलटनीत सारे तुमाले ओळखतेत. मी लय सांगतो तुमच्याबद्दल."

गाडी आली. दुर्गाबाईंनी दशम्यांचं फडकं पियुषच्या हातात दिलं, आणि दुसरं एक सुगतच्या. त्यांनी दोघांच्याही केल्या होत्या. कौशल्यानं लेकाच्या कानावरून पदर फिरवला. हळद पदराला लागली. सुगत दारात उभा राहून "जय भीम, बाबा" म्हणाला. देवानंदनं हात वर केला, पण मान काही वर होईना.

जवान चाललेत म्हटल्यावर फलाटावर माणसं गोळा झाली. टाळ्या वाजल्या, जयजयकार झाला. गाडी हलली, लांब गेली, आणि पांढऱ्या सदऱ्यातला एक गृहस्थ गर्दीतून वाट काढत देवानंदपर्यंत आला. टेम्पोवाल्यानं त्याला सगळं सांगितलं असावं. म्हणजे टेम्पोवाल्याला जेवढं माहीत होतं तेवढं. त्यानं देवानंदचे दोन्ही हात हातात घेतले. त्याच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं.

"धन्य आहात साहेब तुम्ही! हळदीच्या अंगानं पोरगा पाठवला. असे बाप आहेत म्हणून देश आहे."

दुर्गाबाई तिथेच, हातभर अंतरावर उभ्या होत्या. त्यांच्याकडे कुणी पाहत नव्हतं. देवानंदनं हात सोडवून घ्यायचा प्रयत्न केला.

"मी नाई पाठोला जी," तो म्हणाला. "मी पोराले लपोलं होतं. पाठोलं ते ह्या बाईनं."

गृहस्थाला तो नम्रपणा वाटला. त्यानं देवानंदचे हात आणखी घट्ट धरले आणि आजूबाजूच्या लोकांना मोठ्यानं सांगितलं, "पाहा, याला म्हणतात मोठेपणा." लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.